अपघाताची भरपाई : एका हक्काचा इतिहास

गाडी उलटली, यंत्रांत हात सांपडला, भिंत अंगावर कोसळली, तर पूर्वीं लोक "नशिबाचा फेरा" एवढेंच म्हणून गप्प बसत. ज्याचा हात गेला त्याचा गेला. ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला तें घर उघडें पडलें. शेजारीपाजारी चार दिवस जेवण पाठवीत, मालक दयाळू असला तर दहावीस रुपये हातावर ठेवी, आणि तेथें प्रकरण मिटे. या नुकसानीची भरपाई ज्याच्या गाडीनें किंवा ज्याच्या यंत्रानें तें घडलें त्यानें करावी, आणि ती मेहरबानी म्हणून न मागतां हक्कानें मागतां यावी, ही कल्पना आजच्या स्वरूपांत पावणेदोनशें वर्षांहून फारशी जुनी नाहीं. ती रुजली तीहि सुखासुखीं रुजली नाहीं.

आरंभ एका खाटकाच्या पोऱ्यापासून करणें सोईचें होईल. इंग्लंडांतील चार्ल्स प्रीस्टले नांवाचा हा पोऱ्या मालकाच्या हुकमावरून मालाच्या गाडींतून चालला असतां गाडी मोडली व त्याच्या मांडीचें हाड मोडलें. गाडीवर वाजवीपेक्षां अधिक ओझें लादलें होतें, असें त्याचें म्हणणें. लिंकन येथील ज्यूरीनें त्याला शंभर पौंड देवविले. परंतु १८३७ सालीं वरच्या न्यायालयांत लॉर्ड ॲबिंजर यांनीं हा निर्णय फिरविला. त्यांचें तर्कशास्त्र ऐकण्याजोगें आहे. नोकराच्या इजेबद्दल मालक जबाबदार धरला, तर उद्यां मोलकरणीनें ओलसर अंथरूण घातलें म्हणून, स्वयंपाकिणीनें तांब्याचीं भांडीं नीट घांसलीं नाहींत म्हणून, खाटकानें वाईट मांस दिलें म्हणूनसुद्धां नोकर मालकावर दावे लावतील. शिवाय गाडी कितपत मजबूत आहे हें नोकराला मालकाइतकेंच ठाऊक असतें, आणि धोका वाटत असेल तर त्यानें त्या गाडींत बसूं नये! पोटासाठीं राबणाऱ्या पोरानें मालकाला "मी बसत नाहीं" असें कोणत्या तोंडानें सांगावें, याचा विचार त्या निकालपत्रांत नाहीं. या निकालांतून पुढें "समान नोकरी"चें तत्त्व निघालें. सोबतच्या नोकराच्या चुकीनें इजा झाली, तर मालक त्याबद्दल देणेंदार नाहीं, असें तें तत्त्व. खाणींत, गिरणींत, रेल्वेच्या रुळांवर बहुतेक अपघात कोणा ना कोणा सोबत्याच्या हातूनच होत असल्यामुळें मजुराचा दावा दारांतच अडूं लागला. इंग्लंडांत हें तत्त्व पुरतें रद्द व्हायला १९४८ साल उजाडावें लागलें.

मृत्यूची गोष्ट याहून चमत्कारिक होती. १८०८ सालीं एका प्रवासी घोडागाडीच्या अपघातांत एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली व सुमारें महिन्याभरानें वारली. लॉर्ड एलेनबरो यांनीं निर्णय दिला कीं, पत्नी जिवंत होती तोंवरच्या नुकसानीबद्दल पतीला भरपाई मिळेल, तिच्या मृत्यूनंतरच्या नुकसानीबद्दल मिळणार नाहीं; कारण मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत तक्रार करण्याजोगी हानि नव्हे. याचा व्यवहारांतला अर्थ असा झाला कीं, उतारूचा पाय मोडण्यापेक्षां उतारू ठार होणें गाडीवाल्याला स्वस्त पडे.

यांतून वाट निघाली ती एका जुनाट रूढीमुळें. ज्या वस्तूनें मनुष्याचा जीव घेतला, मग तो बैल असो कीं गाडीचें चाक असो, ती वस्तु राजाकडे जप्त व्हावी असा इंग्लंडांत मध्ययुगापासून प्रघात होता. अशा वस्तूला "डिओडँड" म्हणजे देवाला अर्पण करावयाची वस्तु म्हणत. प्रत्यक्षांत वस्तूऐवजीं तिची किंमत वसूल होई, आणि ज्यूरी ती बहुधा नाममात्र ठरवी. आगगाडी आली आणि ज्यूरींत बसणाऱ्या साध्या माणसांना हें गंजलेलें हत्यार एकाएकीं उपयोगी पडलें. २४ डिसेंबर १८४१ रोजीं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मार्गावर सॉनिंगच्या खिंडींत दरडीची माती रुळांवर आली व तिच्यावर गाडी आदळली. नाताळाच्या आदल्या दिवशीं उघड्या वाघिणींतून प्रवास करणारे गरीब कामकरी त्यांत सांपडले. आठ उतारू जागच्या जागीं ठार झाले. ज्यूरीनें इंजिन व वाघिणी यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड बसविला. कंपन्यांचे धाबें दणाणलें. तथापि या शिक्षेचा दोष असा कीं, तींतला एक पैहि विधवेच्या पदरांत पडत नसे. अखेर १८४६ सालीं पार्लमेंटनें दोन कायदे जोडीनें केले. एकानें डिओडँड बंद झाला. दुसऱ्यानें, जो लॉर्ड कँपबेलचा कायदा म्हणून प्रसिद्ध आहे, मृताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा अधिकार मिळाला. रेल्वे कंपन्यांना एका हातानें सवलत व दुसऱ्या हातानें जबाबदारी, असा हा सौदा होता. कायद्याच्या पुस्तकांतून धर्मन्यायाचीं तत्त्वें शोधणारांनीं अशा सौद्यांकडेहि थोडें लक्ष द्यावें.

हिंदुस्थानांत १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, आणि पुरतीं दोन वर्षें होण्यापूर्वींच, २७ मार्च १८५५ रोजीं, लॉर्ड कँपबेलच्या कायद्याची प्रत म्हणावी असा १८५५ चा तेरावा कायदा येथें मंजूर झाला. प्राणघातक अपघात कायदा या नांवानें तो आजहि जिवंत आहे. तो चारच कलमांचा आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट येथील संसाराशीं जुळणारी नव्हती. भरपाई कोणासाठीं, तर पति, पत्नी, आईबाप आणि मुलें यांच्यासाठीं. आईबापांत आजोबा-आजी व मुलांत नातवंडें धरलीं आहेत. भाऊ मात्र कोठेंच नाहीं. एकत्र कुटुंबांत थोरल्या भावाच्या कमाईवर धाकटे भाऊ शिकत, विधवा बहीण राहत असे. तो भाऊ अपघातांत गेला तर यांचें कांहींच नुकसान झालें नाहीं, असें हा इंग्रजी सांचा समजून चालला. ही उणीव भरून निघण्यास किती काळ लागला तें पुढें येईलच.

कायदा झाला म्हणून न्याय हातीं आला असें नव्हे. दावा दिवाणी न्यायालयांत, चूक शाबीत करण्याचा भार वादीवर, आणि प्रतिवादी म्हणजे रेल्वे कंपनी किंवा गिरणीचा मालक. परळच्या चाळींत राहणारा जॉबरच्या हाताखालचा मजूर तेथवर पोंचणार कसा? १८५४ नंतर मुंबईंत गिरण्या उभ्या राहूं लागल्या. १८८१ चा पहिला कारखाना कायदा लहान मुलांच्या कामाचे तास, धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कुंपण आणि अपघातांची वर्दी इतक्याच गोष्टी पाहत होता. बोट तुटल्याची वर्दी सरकारांत जाई; बोटाचा मोबदला देण्याची कायद्यांत तरतूद नव्हती.

अशा वेळीं नारायण मेघाजी लोखंडे पुढें आले. जोतीराव फुले यांचे अनुयायी आणि "दीनबंधु" पत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचें निवेदन तयार केलें. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, ठरल्या दिवसाच्या आंत पगार या मागण्या सर्वांच्या लक्षांत राहिल्या आहेत. त्यांतही रविवारच्या सुटीचें श्रेय त्यांना आजहि दिलें जातें. परंतु त्याच निवेदनांत आणखी एक मागणी होती, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. काम करतांना गंभीर इजा झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी. येथें मालकाची चूक होती कीं नव्हती, हा प्रश्नच विचारलेला नाहीं. काम करतांना इजा झाली, एवढें पुरे. लॉर्ड ॲबिंजरला हें ऐकून घाम फुटला असता.

योगायोग असा कीं, याच १८८४ सालच्या जुलै महिन्यांत जर्मनींत बिस्मार्कनें औद्योगिक अपघातांचा विमा कायद्यानें सक्तीचा केला. मालकांच्या संघांनीं वर्गणी भरावी, आणि चूक कोणाची याची चिकित्सा न करतां कायमच्या अपंग मजुराला वेतनाच्या दोनतृतीयांशापर्यंत मदत मिळावी, अशी ती योजना. बिस्मार्कचा हेतु समाजवाद्यांचें पाणी तोडण्याचा होता, लोखंड्यांचा हेतु माणसें जगविण्याचा. तरी दोघेहि पोंचले एकाच तत्त्वाशीं. इंग्लंडला तेथवर यायला आणखी तेरा वर्षें लागलीं. जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकारानें झालेल्या १८९७ च्या कायद्यानें धोक्याच्या धंद्यांतील मजुराला निम्मा पगार व मृताच्या कुटुंबाला तीन वर्षांच्या वेतनाइतकी, परंतु दीडशें पौंडांहून कमी नाहीं व तीनशेंहून अधिक नाहीं, अशी रक्कम ठरविली. त्याच वर्षीं, फेब्रुवारींत, प्लेगच्या सांथींत लोखंडे वारले.

त्यांची मागणी मुंबईंत कायद्याच्या रूपानें अवतरली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें. १ जुलै १९२४ पासून तो अमलांत आला. ना. म. जोशी त्या वेळीं मध्यवर्ती विधिमंडळांत कामगारांचे प्रतिनिधि होते. "नोकरीमुळें व नोकरी चालूं असतां" अपघात झाला एवढें दाखविलें कीं मालक देणेंदार, असें या कायद्याचें सूत्र. प्रौढ मजूर मेला तर तीस महिन्यांचा पगार, परंतु अडीच हजार रुपयांच्या वर नाहीं. अल्पवयी मजुराचा जीव मात्र सरसकट दोनशें रुपयांचा. पहिल्या दहा दिवसांबद्दल कांहींच मिळत नसे. कायद्याला जोडलेलें परिशिष्ट तर कोणाहि विचारी माणसानें एकदां नजरेखालून घालावें असें होतें. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ७० गेली, डावा गेला तर ६०, पाय गुडघ्यापासून, ६०, एक डोळा, ३०, आंगठा, २५, तर्जनी, १०, बाकीच्या बोटांपैकीं कोणतेंहि एक, ५. मनुष्याच्या देहाचें हें दरपत्रक वाचून अंगावर कांटा येतो खरा. परंतु ज्याचें बोट याआधीं शून्याला गेलें होतें, त्याच्या दृष्टीनें पांच हा आंकडा लहान नव्हता.

या कायद्याच्या दोन तरतुदींत फार व्यवहारज्ञान होतें. मृत्यूची भरपाई मालकानें विधवेच्या हातीं परस्पर द्यावयाची नाहीं, ती कमिशनरकडे जमा करावयाची. कारण शंभर रुपये देऊन कोऱ्या कागदावर आंगठा घेण्याची युक्ति सर्वांना माहीत होती. कोणी भरपाईचा हक्क सोडल्याचा करार लिहून घेतला तरी तो रद्दबातल. दुसरी तरतूद अशी कीं, कमिशनरपुढें वकीलच पाहिजे असें नाहीं. पुढें पुढें नोंदलेल्या कामगार संघाचा पदाधिकारीहि मजुराच्या वतीनें उभा राहूं लागला. अर्जाची मुदत आरंभीं सहा महिने होती, ती वाढत वाढत दोन वर्षें झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत हा सारा विषय समाविष्ट करण्यांत आला आहे.

रस्त्यावरच्या अपघाताची कथा निराळी. गिरणीला मालक असतो व मालकाला पत्ता असतो. धडक देणाऱ्या मोटारीचा चालक कफल्लक निघाला तर हुकूमनामा घेऊन काय करावयाचें? म्हणून इंग्लंडनें १९३० सालीं तिऱ्हाइताच्या इजेचा विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत ही तरतूद आली. परंतु ती प्रत्यक्ष अमलांत आली १ जुलै १९४६ पासून. १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघात दावा न्यायाधिकरणें स्थापण्याचा मार्ग मोकळा झाला आणि हे दावे नेहमींच्या दिवाणी न्यायालयांच्या लांबलचक रांगेतून बाहेर निघाले. १९८२ सालीं चूक शाबीत न करतां मिळणारी रक्कम कायद्यांत आली. ती मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये होती. आणि भावाचा प्रश्न? गुजरातेंत एस. टी. बसखालीं सांपडून मेलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या भावाचा दावा १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला. एकत्र कुटुंबाचा देश आहे, येथें भाऊहि मृताचा वारस म्हणून भरपाई मागूं शकतो, असें न्यायालयानें ठरविलें. १८५५ पासून मोजलें तर या एका नात्याला न्यायालयाच्या पायरीवर पाऊल ठेवायला १३२ वर्षें लागलीं.

आज चालूं असलेल्या १९८८ च्या कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें मोठे फेरफार झाले व त्यांतील या विषयाचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागूं झाला. चूक न दाखवितां मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख मागतां येतात. धडक देऊन पळालेली गाडी सांपडलीच नाहीं, तर मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर इजेबद्दल पन्नास हजार सरकारी योजनेंतून मिळतात. यापेक्षां अधिक भरपाई हवी असेल तर चालकाची चूक दाखवून दावा लावावा लागतो. तो अपघात झाला त्या ठिकाणीं, दावेदार राहतो त्या ठिकाणीं किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणीं लावतां येतो. म्हणजे सोलापूरच्या विधवेनें अपघात इंदूरला झाला म्हणून इंदूरच्या खेपा घालण्याचें कारण नाहीं. दुरुस्तीनें अर्जासाठीं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें आहे. तथापि शहाण्यानें त्या वादावर विसंबूं नये व सहा महिन्यांच्या आंत अर्ज दाखल करावा.

भरपाईचा आंकडा कसा निघतो, याविषयीं सुशिक्षित घरांतूनहि विलक्षण अज्ञान आढळतें. तो न्यायाधीशाच्या लहरीवर अवलंबून नसतो. सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ सालच्या दोन निर्णयांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, चौतीस वर्षांचा एक छोटा दुकानदार अपघातांत गेला. मासिक प्राप्ति वीस हजार, मागें अवलंबून असलेलीं माणसें चार. वर्षाची प्राप्ति २,४०,००० झाली. चाळिशीच्या आंतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाची प्राप्ति पुढें वाढली असती म्हणून तींत शेंकडा ४० मिळवावयाचे : ३,३६,०००. स्वतःच्या खर्चापोटीं त्यानें चौथा हिस्सा घेतला असता, तो वजा जातां २,५२,००० उरले. या वयाला गुणक १६ लागतो, म्हणून ४०,३२,०००. पंचविशीच्या आंत गुणक १८ असतो, आणि वय वाढेल तसा तो उतरत जाऊन पासष्टीनंतर ५ वर येतो. अंत्यविधीचा खर्च वगैरे लहान रकमा निराळ्या. हा हिशेब ज्या कुटुंबाला ठाऊक नाहीं, त्याला विमा कंपनीचा माणूस पहिल्या पंधरवड्यांत दहा लाखांचा आंकडा दाखवितो तेव्हां तो देवदूत वाटतो.

गृहिणीच्या मृत्यूचा हिशेब करतांना न्यायालयें फार दिवस अडखळत होतीं, कारण तिला पगार नाहीं. जमशेदपूर येथें ३ मार्च १९८९ रोजीं लागलेल्या आगीच्या खटल्यांत २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली. पहांटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाला तीन हजार ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल. पण त्या निर्णयानें तें "काम" आहे हें तरी लेखी आलें, आणि नंतरच्या निकालांतून ही किंमत वाढत गेली आहे.

आतां मदतीचा प्रश्न. मुंबईंत १९२० नंतरच्या दशकांतच गरिबांना कायद्याची मदत देणारी एक संस्था निघाली होती. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं याच प्रश्नावर समिति नेमली. त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती यांनीं पुढें हें काम देशभर नेलें. १९७६ सालीं घटनेंत ३९-अ हें कलम आलें आणि १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागूं झाला. या कायद्याखालीं स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीं उत्पन्नाची अट नाहीं. अपघातांत विधवा झालेली स्त्री, ती वाड्यांत राहणारी असो कीं झोपडींत, या यादींत येतेच. तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समितीचें कार्यालय असतें. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेंहि चौकशी करतां येते.

मात्र अर्ज करण्यापूर्वींच्या पहिल्या चार दिवसांतच पुष्कळ कांहीं बिघडतें. पोलिसांत दिलेली खबर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा क्रमांक व विम्याची पॉलिसी, शवविच्छेदनाचा किंवा दुखापतीचा अहवाल, दवाखान्याच्या पावत्या, प्राप्तीचे कागद, अपंगत्व आलें असल्यास त्याचा दाखला, हीं सारीं कागदपत्रें घरच्याच एखाद्या शांत डोक्याच्या माणसानें गोळा करून एके ठिकाणीं ठेवावीं. २०२२ च्या नियमांप्रमाणें पोलिसांनीं अठ्ठेचाळीस तासांच्या आंत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो गेला कीं नाहीं, याची चौकशी करण्याचा अधिकार कुटुंबाला आहे.

दवाखान्याच्या ओट्यावरच गांठणारा दलाल ही एक निराळी पीडा. "एक पैसा देऊं नका, जें मिळेल त्यांतला तिसरा हिस्सा आमचा," असें तो सांगतो, आणि दुःखांत असलेल्या माणसाला तें सोईचें वाटतें. अमेरिकेंत वकिलानें भरपाईचा हिस्सा फी म्हणून घेणें रूढ व कायदेशीर आहे. भारतांत तसें नाहीं. वकिलानें निकालावर अवलंबून असलेली फी ठरवूं नये किंवा मिळणाऱ्या रकमेंत वाटा घेऊं नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. २०१७ सालीं मोटार अपघाताच्याच एका प्रकरणांतून निघालेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें भरपाईच्या टक्केवारीनें फी मागणें बेकायदेशीर व वकिलीच्या नीतीविरुद्ध ठरविलें. ठरलेली फी द्यावी, तिची पावती घ्यावी, आणि कोऱ्या वकीलपत्रावर किंवा बँकेच्या कोऱ्या कागदावर सही करूं नये.

निकालानंतर विधवेच्या व अल्पवयी मुलांच्या वाट्याची रक्कम बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवावी व व्याज दरमहा घरीं यावें, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं घालून दिला. तडजोड करावयाची असेल तर ती लोकअदालतींत करावी हें बरें. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. परंतु त्यावर अपील नाहीं, म्हणून सही करण्यापूर्वीं वर सांगितलेला गुणाकार घरीं कागदावर एकदां मांडून पाहावा.